संगणकाचें बिऱ्हाड



माझ्या थोरल्या बहिणीच्या घरीं, पुढच्या खोलींतील खिडकीपाशीं, एक काळा ओबडधोबड संगणक बारा वर्षें उभा होता. शाळेंतील नोकरी संपल्यावर ताईनें कोंकणांतील घरगुती वस्तूंच्या नांवांचा संग्रह करावयास घेतला. रोवळी, परडी, शिंकें, आडणी, काथवट, शेर, पायली अशीं तीं नांवें. तीं कोणत्या गांवीं ऐकलीं, कोणाच्या तोंडून ऐकलीं, तेथें त्यांचा उच्चार कसा होतो, हीं सारीं टिपणें. असे नऊ हजारांवर शब्द तिनें त्या यंत्राच्या पोटांत सांठविले. सांगणाऱ्यांपैकीं कित्येक वृद्ध स्त्रिया आतां हयात नाहींत; म्हणजे तो संग्रह पुन्हां करूं म्हटलें तरी व्हावयाचा नाहीं.

२०२५ सालच्या पावसाळ्यांत त्या यंत्रानें कुरकुर आरंभिली. कळ दाबावी, पंखा फिरावा, आणि पुढें कांहींच घडूं नये. तिसऱ्या-चवथ्या खेपेस मात्र तें निमूटपणें सुरू व्हावें. उघडून पाहिलें तों मदरबोर्डावरील दोन-तीन कपॅसिटर डोकें फुगवून बसलेले. असा बोर्ड आज चालेल, उद्यां चालेल, परवां चालणार नाहीं. ताईनें मला बोलावून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला, "सगळें जसेंच्या तसें नव्यावर येईल ना रे?"

नवें यंत्र ज्याच्याकडून घेतलें त्या दुकानदारास हा प्रश्न अगदींच किरकोळ वाटला. "फायली पेन-ड्राइव्हवर काढून द्या, नव्यावर लिनक्स कोरें बसवूं, फायली परत टाकूं, अर्ध्या तासाचें काम," असें तो म्हणाला. त्याचें म्हणणें त्याच्या परीनें बरोबर होतें. परंतु ताईचें 'सगळें' आणि त्याच्या 'फायली' या दोन शब्दांच्या अर्थांत बरेंच अंतर होतें, आणि त्या अंतरापायीं माझे दोन दिवस खर्ची पडले. ते कसे पडले, तें आज सांगावयाचें आहे. आज्ञा अक्षरशः सांगत बसण्याचें हें ठिकाण नव्हे. एखादें टिंब ऐकण्यांत चुकलें तर श्रोत्यांची डिस्क पुसली जावयाची, आणि शिव्या मला खाव्या लागावयाच्या. म्हणून आज्ञा ग्रंथांत पाहाव्या. येथें मी कारणें तेवढीं सांगतों.

प्रथम, 'सगळें' म्हणजे काय? लिनक्समध्यें प्रत्येक माणसाचीं कागदपत्रें 'होम' नांवाच्या दप्तरांत असतात, आणि बहुतेक लोक तेवढेंच आपलें समजतात. परंतु घरांत माणूस बारा वर्षें राहिला म्हणजे त्याचें घर त्याच्या ट्रंकेपुरतें राहात नाहीं. ताईच्या यंत्रावर २०१३ सालीं मीं डेबियन या वितरणाची सातवी आवृत्ति बसविली होती. पुढें २०१५, २०१७, २०१९, २०२१, २०२३ अशा दर दोन वर्षांनीं जागच्या जागीं एकेक पायरी चढवीत ती बारावीपर्यंत आणली. मध्यंतरीं एकदांही पाटी कोरी केली नव्हती. या काळांत त्या व्यवस्थेंत किती ठिकाणीं किती लहानसहान फेरफार झाले, याची वही ठेवावी हें मला सुचलें नाहीं, आणि आतां तें माझ्या ध्यानांत असण्याचा संभव नव्हता.

एकच उदाहरण घ्या. ताई इन्स्क्रिप्ट पद्धतीच्या कळफलकावर मराठी लिहिते. 'ॲल्युमिनियमचें पातेलें' यांतील आरंभींचा 'ॲ' घ्या. युनिकोडमध्यें या अक्षरास स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ सालीं. जुन्या इन्स्क्रिप्टच्या कळांवर तें नाहीं. ताईच्या संग्रहांत असे शब्द पुष्कळ. तेव्हां मीं कळफलकाच्या वर्णनाची एक निराळी फाइल लिहून 'ॲ' तिच्या बोटाखालीं आणून ठेवला होता, आणि तसेच आणखी दोन-चार बदल तिच्या सांगण्यावरून केले होते. तिचीं बोटें आतां त्या जागांना इतकीं सरावलेलीं आहेत कीं, कोणती कळ कोठें, असें विचारलें तर तिला सांगतां येत नाहीं. लिहूं लागली म्हणजे बोट आपोआप जातें. ही फाइल 'होम'मध्यें नव्हती. ती व्यवस्थेच्या दप्तरांत होती, आणि संगणक सुरू होतांना तिला हांक मारणारी ओळ तिसऱ्याच एका ठिकाणीं होती.

शब्दसंग्रहही 'होम'मध्यें नव्हता. तो पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसांत होता, आणि डेटाबेस आपला संसार 'व्हार' या दप्तरांत थाटतो. दररोज रात्रीं अकरा वाजतां त्या संग्रहाची एक नक्कल निघे, तिची आज्ञा आणखी निराळ्या जागीं. ती नक्कल पडे त्याच पेटींतील दुसऱ्या डिस्कवर. म्हणजे घराची दुसरी किल्ली घरांतच टांगून ठेवण्यासारखें. ती योजनाही माझीच.

या बाबतींत मी एकदां चांगला पोळलेला आहें. २०१६ सालीं मीं स्वतःचा संगणक बदलला तेव्हां 'होम' तेवढें उचललें, चार दिवस सर्व ठीक आहे असें पाहिलें, आणि जुनी डिस्क पुसून भाच्याला देऊन टाकली. पुढच्या आठवड्यांत आमच्या भागांतील वाचनालयाच्या वर्गणीदारांची यादी मागावयास माणूस आला. ती यादी सांभाळण्याचें काम माझ्याकडे होतें. ती डेटाबेसांत होती, डेटाबेस 'व्हार'मध्यें होता, आणि 'व्हार' पुसलेल्या डिस्कवर. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती पुढ्यांत घेऊन ती यादी पुन्हां बांधण्यास मला तीन महिने लागले. म्हणून ताईच्या वेळीं मीं ठरविलें कीं, निवडानिवड करावयाची नाहीं. बिऱ्हाड सगळेंच्या सगळें उचलावयाचें, आणि जें जुन्या जागेशींच जखडलेलें असेल तेवढें सोडवावयाचें.

हें करतां येतें, याला कारण लिनक्सची घडण. गंमत अशी कीं, या व्यवस्थेचा जन्म अगदीं उलट परिस्थितींत झाला. १९९१ सालच्या ऑगस्टमध्यें हेलसिंकी विद्यापीठांतील लायनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें तिची पहिली जाहीर वार्ता दिली. ती देतांना त्यानें आपण होऊन कबूल केलें होतें कीं, ही वस्तु आपल्या ३८६ प्रोसेसरच्या यंत्राशीं बांधलेली आहे, ती दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेण्यासारखी नाहीं, आणि आपल्यापाशीं आहे त्या प्रकारच्या डिस्कखेरीज दुसरी डिस्क तिला बहुधा कधींच चालावयाची नाहीं. साडेतीन वर्षांनीं, मार्च १९९५ मध्यें, १.२ ही आवृत्ति निघाली तेव्हां अल्फा, स्पार्क, मिप्स अशा निराळ्या घराण्यांतील प्रोसेसरांस तिच्यांत स्थान मिळालें होतें. आणि १९९७ सालीं त्याच टोरव्हाल्ड्सनें त्याच विद्यापीठास एम्. एस्सी. साठीं जो प्रबंध सादर केला, त्याचा विषयच मुळीं लिनक्स ही नाना यंत्रांवर नेतां येणारी व्यवस्था आहे, हा होता.

या व्यवस्थेचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो घरांतील सामानाची यादी आदल्या दिवशींची वापरीत नाहीं. दर वेळीं जागा झाल्यावर तो साऱ्या घरांतून हिंडतो आणि जें दिसेल त्याचा क्रमांक वाचतो. संगणकांतील प्रत्येक जोडकार्डावर निर्मात्याचा एक आणि वस्तूचा एक, असे दोन क्रमांक असतात. इंटेलचा निर्माता-क्रमांक ८०८६ असा आहे. १९७८ सालीं त्या कंपनीनें काढलेल्या गाजलेल्या प्रोसेसरचेंच तें नांव. क्रमांक वाचला कीं त्याला जुळणारा ड्रायव्हर भांडारांतून काढावयाचा आणि कामाला लावावयाचा. भांडार मोठें असतें. जुन्या यंत्रांत कधींही न लागलेले शेंकडों ड्रायव्हर ताईच्या डिस्कवर बारा वर्षें निजलेले होते. नव्या यंत्रांत जातांच त्यांपैकीं हवे ते जागे व्हावे, अशी ही योजना आहे.

मर्यादा एकच, पण ती कडक आहे. प्रोसेसरचें घराणें बदलतां कामा नये. इंटेलवरून एएमडीवर जातां येतें, कारण दोघांची आज्ञाभाषा एक. परंतु हीच डिस्क रास्पबेरी पायसारख्या आर्म घराण्याच्या यंत्रांत नेली तर तेथें तिचें अक्षरही वाचलें जावयाचें नाहीं. तसेंच, ज्यांच्या जुन्या यंत्रावर अद्याप ३२ बिटांची व्यवस्था आहे, त्यांची ती नव्या ६४ बिटांच्या यंत्रावर बहुधा चालूं शकेल खरी, पण ती ओढीत नेण्यांत फारसा लाभ नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीनें तसल्या यंत्रांसाठीं कर्नल देणेंच बंद केलें.

आतां, कर्नल इतका सोशीक आहे तर अडतें कोठें? अडतें तें माणसांनीं, आणि माणसांच्या सोयीसाठीं लिहिलेल्या आज्ञावलींनीं, जुन्या घराचा पत्ता जेथें जेथें लिहून ठेवला आहे तेथें.

पहिली जागा शिदोरीची. कर्नल जागा होतो तेव्हां मुख्य डिस्कचें दार त्याला अजून उघडावयाचें असतें. पण तें उघडणारा ड्रायव्हर त्या डिस्कवरच. पेटीची किल्ली पेटींत, असा हा पेंच. म्हणून कर्नलबरोबर एक लहानशी शिदोरी बांधून दिलेली असते, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. दार उघडण्यापुरते ड्रायव्हर तींत असतात. ही शिदोरी दोन तऱ्हांनीं बांधतां येते. वाटेंत काय लागेल कोण जाणे म्हणून सर्व तऱ्हेच्या डिस्कांचे ड्रायव्हर भरावयाचे, ही एक तऱ्हा. डेबियन आपण होऊन हीच करतें. आपलें घर आपल्याला ठाऊक आहे, तेव्हां त्याच्यापुरतेंच घ्यावें, ही दुसरी; फेडोराची नित्याची रीत ही आहे, आणि म्हणूनच फेडोरा संकटसमयासाठीं सर्व ड्रायव्हरांची एक निराळी शिदोरी बाजूस बांधून ठेवतें. ताईच्या यंत्रांत आरंभींच्या विभागाला मीं जागा फार थोडी दिली होती. ती भरूं लागली तेव्हां मींच एकदां काटकसर म्हणून डेबियनला दुसरी तऱ्हा लावून दिली होती. जुनी डिस्क होती साटा जोडणीची, नवी एनव्हीएमई जोडणीची. तशीच शिदोरी घेऊन गेलों असतों तर कर्नल जागा होऊन दारापाशीं उभा राहिला असता आणि, मुख्य डिस्क सांपडत नाहीं, असें म्हणून एक काळा पडदा आणि लुकलुकणारी खूण दाखवून थबकला असता. हें दृश्य ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना वाटतें कीं सर्वस्व गेलें. गेलेलें कांहींच नसतें. एक ड्रायव्हर तेवढा बरोबर घ्यावयाचा राहिलेला असतो.

दुसरी जागा एफएसटॅब या फाइलीची. कोणती डिस्क कोठें जोडावयाची, याचा हा तक्ता. पूर्वी त्यांत डिस्कांचीं नांवें 'एसडीए १', 'एसडीए २' अशीं लिहीत. म्हणजे 'डावीकडचें पहिलें दार' असा पत्ता देण्यासारखें. नव्या घरांत दारांची मांडणी बदलली कीं पत्ता फुकट. एनव्हीएमई डिस्कांचीं तर नांवेंच निराळ्या धर्तीचीं. म्हणून हल्लीं प्रत्येक विभागाला बत्तीस अंकाक्षरांचें एक लांबलचक ओळखचिन्ह देतात, त्याला यूयूआयडी म्हणतात, आणि तक्त्यांत तेंच लिहितात. डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर हें चिन्हही नकलेंत उतरतें आणि तक्ता बदलावा लागत नाहीं. मात्र मूळ आणि नक्कल या दोन्ही डिस्का एकाच पेटींत ठेवून संगणक सुरू करूं नये. एकाच नांवाचे दोन इसम हजर झाले म्हणजे व्यवस्था कोणाला घरांत घेईल याचा नेम नाहीं. मीं निराळा मार्ग धरला. नव्या डिस्कवर नवे विभाग पाडून फायली नेल्या, म्हणजे चिन्हें नवीं झालीं, आणि तक्ता हातानें दुरुस्त करणें आलें. या दुरुस्तींत मीं जी चूक केली ती पुढें येईलच.

तिसरी जागा सर्वांत फसवी. ताईचें जुनें यंत्र बायॉस पद्धतीचें होतें. त्या पद्धतींत डिस्कच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांत, त्यांतही ४४६ बाइटांच्या चिंचोळ्या जागेंत, व्यवस्थेला जागें करणारा पहिला मंत्र असतो. नवें यंत्र यूईएफआय पद्धतीचें. तेथें डिस्कवर फॅट पद्धतीचा एक लहान विभाग लागतो, मंत्राची फाइल त्यांत असते, आणि ती फाइल कोणती, याची नोंद मदरबोर्डावरच्या स्मृतींत राहाते. ही शेवटची गोष्ट ध्यानांत घ्या. यूईएफआयच्या यंत्रांतून डिस्क काढून दुसऱ्या यंत्रांत घातली तर नोंद जुन्या बोर्डावरच राहाते; म्हणजे माणूस गेला तरी दारावरची पाटी मागेंच. याला तोड म्हणून एक ठराविक नांवाची फाइल त्या विभागांत ठेवतां येते. नोंद नसली तर बोर्ड आपण होऊन त्या नांवाचा शोध करतो. ग्रब या आरंभकास तशी सूचना दिली म्हणजे तो ती ठेवतो. ताईच्या बाबतींत पद्धतच बदलत असल्यामुळें जुना ग्रब काढून यूईएफआयसाठींचा ग्रब बसवावा लागला.

चवथी जागा पडद्याची. जुन्या यंत्रांत एनव्हिडियाचें कार्ड होतें आणि मीं त्याच्या निर्मात्याचाच ड्रायव्हर घातला होता. असा ड्रायव्हर घरांत आल्याबरोबर दुसऱ्यांना दार बंद करतो, आणि जुन्या पद्धतीच्या मांडणींत आपलें नांव लिहवून घेतो. नव्या यंत्राचा पडदा एएमडीचा. हें तसेंच नेलें असतें तर संगणक सुरू झाला असता, पण पडदा काळा राहिला असता. जुन्या घरीं असतांनाच हा ड्रायव्हर काढून टाकावा, नव्या घरीं जाऊन अंधारांत शोधूं नये.

तसेंच, नव्या यंत्राचे कांहीं घटक ताईच्या कर्नलच्या जन्मानंतर बाजारांत आलेले होते. बाराव्या डेबियनचें मूळ कर्नल ६.१, म्हणजे डिसेंबर २०२२ चें. आपल्या मागून जन्मलेल्या वस्तूंची ओळख त्याला असणार कोठून? म्हणून जुनें यंत्र तिसऱ्या खेपेस कां होईना पण सुरू होत होतें तोंवर, मीं त्याच्यावर नवें कर्नल आणि वाय-फायच्या चिपेस लागणारें फर्मवेअर उतरवून घेतलें. शिदोरीही तेव्हांच पहिल्या तऱ्हेची, भरगच्च, बांधून घेतली. हीं सर्व कामें जुन्या घरांत सोपीं असतात, कारण तेथें दिवा असतो आणि पाणी असतें.

पहिल्या दिवशीं सकाळीं दुसरें कांहीं करण्यापूर्वी शब्दसंग्रहाची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढली, आणि ती नुसती काढून न ठेवतां माझ्या स्वतःच्या संगणकावर उघडून पाहिली. शब्द मोजले, ९,२१४ भरले. तो आंकडा ताईनें स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर लिहून ठेवला. मग जुनें यंत्र बंद केलें, त्याची मुख्य डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीनें नव्या यंत्राला लावली, आणि नवें यंत्र पेन-ड्राइव्हवरील लिनक्सनें सुरू केलें. व्यवस्था चालूं असतांना तिची नक्कल करूं नये; डेटाबेस लिहीत असतांना त्याचीं पानें उचललीं तर अर्धें वाक्य इकडे नि अर्धें तिकडे व्हावयाचें. पेन-ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनेंच सुरू करावा लागतो, नाहींतर बोर्डावर नोंद करतां येत नाहीं. हें पहिल्यानें माझ्या ध्यानांत आलें नाहीं व अर्धा तास वायां गेला.

फायली आरसिंक या साधनानें नेल्या. उंदरानें ओढून फायली टाकण्यांत धोका असा कीं, प्रत्येक फाइलीची मालकी आणि अधिकार बदलतात. आणि फॅट पद्धतीच्या पेन-ड्राइव्हमधून नेल्या तर मालकी मुळीं उरतच नाहीं. पोस्टग्रेसचा स्वभाव या बाबतींत सोंवळा आहे. आपलें दप्तर आपल्या मालकीचें नाहीं किंवा परक्याला उघडें आहे, असें दिसलें कीं तो सुरूच होत नाहीं. दुकानदाराच्या अर्ध्या तासांत हें बसलें नसतें. आरसिंक मालकी, अधिकार, दुवे, सर्व जसेंच्या तसें नेतो. कर्नल दर वेळीं नव्यानें मांडतो तीं हंगामी दप्तरें तेवढीं वगळावयाचीं. त्यांत ठेवा कांहीं नसतो.

नक्कल होण्यास दोन तास लागले. त्यानंतर नव्या डिस्कवरील व्यवस्थेंत 'चेंज-रूट' करून शिरलों. म्हणजे बाहेरून पेन-ड्राइव्हचें लिनक्स चालूं आहे, पण आपण आंतल्या घरांत बसून काम करतों आहोंत. तेथून तक्ता दुरुस्त केला, ग्रब बदलला, शिदोरी पुन्हां बांधली, इंटेलचा मायक्रोकोड काढून एएमडीचा घातला. संध्याकाळीं सहा वाजतां पेन-ड्राइव्ह काढून कळ दाबली. ताई शेजारीं खुर्ची घेऊन बसली होती.

ग्रब आला. कर्नल जागा झाला. ओळी भराभर सरकल्या आणि एका ठिकाणीं थांबल्या. एका डिस्कची वाट पाहात आहें, अशी ओळ, आणि पुढें सेकंदांचा आंकडा चढतो आहे. ताई म्हणाली, "गेलें का रे?" मी कांहींच बोललों नाहीं, कारण मलाही तेंच वाटत होतें. दीड मिनिट ही मुदत ऐकण्यास लहान आहे. ताईनें मनांत काय मोजलें तें तिलाच ठाऊक; माझ्या डोळ्यांपुढें त्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आल्या. नव्वद सेकंद भरल्यावर व्यवस्थेनें त्या डिस्कचा नाद सोडला आणि पुढें चालूं लागली. ताईच्या नांवाची पाटी पडद्यावर आली.

चूक माझी होती. तक्त्यांतील मुख्य विभागाचें चिन्ह मीं बदललें होतें; स्वॅपच्या, म्हणजे स्मृतीस उसनी जागा देणाऱ्या विभागाचें जुनेंच राहिलें होतें. आतां या जगांत नसलेल्या विभागाची व्यवस्था दीड मिनिट वाट पाहात होती. स्वॅप होता म्हणून ती पुढें तरी गेली. घरांतील एखादा खरा विभाग असता तर तिनें दार लावून घेऊन पासवर्ड मागितला असता. नकलांची जुनी दुसरी डिस्क तक्त्यांत होती, ती ओळ मात्र मीं आधींच काढली होती, हें नशीब.

राहिलेलें काम किरकोळ. नेटवर्क लागेना, कारण २०१३ सालच्या मांडणींत कार्डाचें नांव 'ईथ ०' होतें, आणि एका जुन्या नियमानें तें जुन्या कार्डाच्याच क्रमांकाशीं बांधलेलें. नवें कार्ड, हल्लींच्या रिवाजाप्रमाणें, आपल्या जागेवरून 'ईएनपी ३ एस ०' असें नांव घेऊन आलेलें. दोन फायलींत बदल केला आणि जुना नियम पुसला. जुनें यंत्रही पुढें चालूं ठेवावयाचें असतें तर व्यवस्थेचें आंतरिक ओळखपत्र आणि दूरप्रवेशाच्या किल्ल्या नव्यानें कराव्या लागल्या असत्या, नाहींतर दोघेही एकच इसम म्हणून घरच्या जाळ्यांत वावरूं लागतात. ताईच्या डिस्कला कुलूप नव्हतें. ज्यांच्या डिस्का कुलूपबंद आहेत आणि कुलपाची किल्ली बोर्डावरील टीपीएम चिपेच्या हवालीं केलेली आहे, त्यांनीं जुनें यंत्र चालूं आहे तोंवर परवलीचा शब्द पाठ आहे कीं नाहीं हें पाहावें. ती चिप आपली किल्ली दुसऱ्या बोर्डाला देत नाहीं.

असा उद्योग सर्वांनीं करावा असें माझें म्हणणें नाहीं. ज्याचा संगणक पत्रव्यवहार आणि वर्तमानपत्रापुरता आहे, त्यानें दुकानदाराचें ऐकावें. कोरी व्यवस्था स्वच्छ असते, आणि बारा वर्षांचा केर तिच्यांत नसतो. ताईच्या डिस्कवर तो होताच. परंतु त्या केरांत 'ॲ' कोठें दडला आहे हें मला ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नसतांना झाडू मारण्याची माझी छाती झाली नाहीं. आतां फुरसतीनें शोधून त्या फेरफारांची वही मीं लिहावयास घेतली आहे. आजवर सतरा नोंदी झाल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ताईनें संग्रह उघडला. शब्दांची संख्या दिनदर्शिकेशीं ताडून पाहिली, ९,२१४. मग तिनें नवी नोंद उघडून, कळफलकाकडे न पाहतां, 'ॲ' लिहिला, पुसला, आणि पुन्हां लिहिला. रात्रींच्या नकलेचा मार्ग मीं बाहेरच्या डिस्ककडे वळवून दिला होता. त्या रात्रीं ताई अकरापर्यंत जागी राहिली, आणि डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकला असें तिनें मला फोन करून कळविलें.

जुनी डिस्क कपाटांत आहे. तिच्यावर ताईनें कागद चिकटवून तारीख घातली आहे, आणि खालीं लिहिलें आहे: 'दिवाळीपर्यंत पुसूं नये.'